रकाना : स्थिती

संग्रहालयाच्या नोंदवहीत एक रकाना होता :
स्थिती – चालू / बंद.
वाघमोडे साहेबांनी चाप रुमालात बांधून पाठवला,
बंदूक नव्हे, नुसता चाप;
लाकूड वाळवीनं नेलेलं,
नळी कुणीतरी छपराला वासा म्हणून घातलेली.
सोबत चिठ्ठी : ठिणगी पडते का पाहावे,
पडत असल्यास फोटो काढावा,
फोटोत हात दिसू नये,
बिल दोन प्रतींत.

परांड्यात अंधार भाड्यानं मिळत नाही.
माझ्या स्टुडिओची मागची खोली तेवढी आहे,
जिथं वडील फिल्म धूत, आणि आता
मी अल्बमचे रिकामे खोके ठेवते.
दाराच्या फटीत पोतं कोंबलं,
चार्जरच्या हिरव्या डोळ्यावर चिकटपट्टी,
पत्र्याच्या भोकातून येणारं दुपारचं ऊन
कणकेच्या गोळीनं बुजवलं.
आता बरं, म्हणाले मकदूम शिकलगार,
आता माझा हात मलाच दिसंना.

शटर उघडं. आठ सेकंद.
"सोडू?"
"सोडा."
खट्.
काही नाही. म्हणजे आवाज आला,
आणि अंधार होता तसाच राहिला,
फक्त थोडा जास्त.

दुसऱ्यांदा तीन पडल्या. लाल, सुस्त,
विडी झटकल्यासारख्या,
वाटीत पोचायच्या आधीच विझल्या.
दगड बदला, मी म्हटलं.
सीनेच्या पात्रातून आणलेला अकीक होता तो,
खिळ्याच्या डोक्यावर टिचून धार काढलेला,
घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या घडीत आवळलेला.
मकदूमभाई हसले. अंधारात हसणं
दमेकऱ्याच्या श्वासासारखं ऐकू येतं.
"दगडाला कामून बोल लावता बाई?
ठिणगी त्याची नसतीच.
त्यो नुसता खरवडतो.
जळतं ते लोखंड."

आणि मला एवढी वर्षं वाटत होतं
आग दगडात असते.

पोलादाचं पान तेवढं काढून ते घेऊन गेले.
कधीतरी कुठल्या तरी आगीत सापडून मऊ पडलेलं पान.
म्हशीचं शिंग, फाटक्या चपलेचा तळ, कोळसा,
सगळं मडक्यात, तोंडाला चिखल लिंपून,
रात्रभर भट्टीत.
वास असा सुटला की अंगणवाडीच्या बाईंनी
कुत्रं मेलंय म्हणून नगर परिषदेला फोन केला.
"लोखंडाला खाऊ घालावं लागतं," एवढंच म्हणाले.

गुरुवारी पुन्हा. पोतं, चिकटपट्टी, नवी कणीक,
जुनी मुंग्यांनी नेली होती.
वाटीत रंजक नाही; रंजकेच्या जागी
माझ्या पावतीपुस्तकातला गुलाबी कागद.
खट्

आणि खोली होती.
क्षणाचा तुकडा, पण होती :
वडिलांची दोरी, तिच्यावर अजून दोन चिमटे,
भिंतीवर हायपोचा डाग,
मकदूमभाईंचं नाक.
पांढऱ्या, फुटत जाणाऱ्या, एकीला तीन फाटे,
वाटीत पडून नाचल्या, चिसचिसल्या.
मग पुन्हा आम्ही दोघं, न दिसणारे,
आणि जळक्या कागदाचा वास.

भोकं मोजली. अकरा.

डोळ्याला थेंब दिसले होते, कॅमेऱ्याला रेघा.
छत्तीस फोटोंतले तीस वाया, पाच बरे,
आणि एकात हात आला होता :
खटका दाबणारा अंगठा,
स्वतःच्याच ठिणग्यांनी उजळलेला,
भेगा, काजळी, नखाखालचं तेल, सगळं.
मकदूमभाईंनी चष्मा पुसला.
"ह्योच," म्हणाले. "बँकेतलं यंत्र ह्याला वळखत नाही.
पाती घासून रेघा गेल्या.
नीट ठेवा म्हणतं. नीट ठेवा.
अजून किती नीट ठेवू?"

साहेबांना बिनहाताचा पाठवला.
रकान्यात लिहिलं : चालू.
अंगठ्याची एक प्रत काढली, चार बाय सहा, मॅट;
पैसे मी घेतले नाहीत, तर ते
अकीक टेबलावर ठेवून गेले. धार गेलेला.

पत्र्यातली कणीक
अजून काढलेली नाही.